अनुदानाच्या योजना गावात, कर्जाचा निर्णय तालुक्यात : ग्रामीण उद्योग, टपाल कार्यालय आणि बँक यांविषयी

वारणाकाठ (धागाकर्ता)

ग्रामीण भागात छोटा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी आज सरकारी योजनांची उणीव नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. राज्य सरकारने त्याच धर्तीवर २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला. २०१५ मध्ये मुद्रा कर्जे आली, २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा आली. आमच्या भागात तेलघाणा, मसाले, गुळाची पावडर आणि शिवणकाम करणाऱ्या काही कुटुंबांचे अर्ज तयार करायला मी मदत करतो. त्या कामात जे वारंवार दिसले, ते येथे मांडतो, कारण इतर जिल्ह्यांतील जाणकारांचे अनुभव मला समजून घ्यायचे आहेत.

या बहुतेक योजना बँकेला बांधलेल्या आहेत, आणि ही गोष्ट जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात खेड्यातील सर्वसाधारण प्रवर्गाच्या अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान मिळते. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पखर्चाची मर्यादा ५० लाख रुपये आणि सेवा व्यवसायासाठी २० लाख रुपये आहे. मात्र हे अनुदान अर्जदाराच्या हाती कधीच येत नाही. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचे, मग अनुदानाची रक्कम त्या बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहणार, आणि उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच ती कर्जात वळती होणार. अनुदानाचा पैसा फुकट उधळला जाऊ नये म्हणून ही रचना योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा की योजनेचा खरा दरवाजा जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योगाच्या कार्यालयात नसून बँकेच्या शाखेत आहे.

आता गावाकडे पाहू. गावात शाखा डाकघर आहे, ते दिवसातून चार-पाच तास उघडे असते. एखाद्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात बँक मित्र, म्हणजे बँकेने नेमलेला प्रतिनिधी, बसतो. कर्जाचा अर्ज वाचून त्यावर सही करू शकेल असा अधिकारी मात्र मोठ्या गावात किंवा तालुक्याला असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या व्याख्येनुसार बँकेच्या प्रतिनिधीचे ठरलेले ठिकाण दिवसाला किमान चार तास आणि आठवड्यातून किमान पाच दिवस उघडे असेल, तर ते ‘बँकिंग आउटलेट’ म्हणून गणले जाते. म्हणजे बँकसेवा पोहोचलेल्या गावांची संख्या वाढते आणि ती वाढ खोटी नसते. तरीही त्या गावातील शिंप्याला दुसरे यंत्र घेण्यासाठी कर्ज हवे असेल, तर त्याच्यासाठी फारसे काही बदललेले नसते.

टपाल खात्याच्या बाबतीत हे अधिक ठसठशीतपणे दिसते. देशात सुमारे एक लाख चौसष्ट हजार टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतील दहापैकी नऊ ग्रामीण भागात आहेत. इतके खोल पोहोचलेले दुसरे कोणतेही सरकारी जाळे वित्तीय व्यवहार करत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली आणि पोस्टमनच्या हातातील यंत्रावर पैसे भरता-काढता येऊ लागले, हा मोठाच लाभ आहे. पण पेमेंट्स बँकेला कर्ज देण्याची परवानगीच नाही. तिने चालू आणि बचत ठेवींचा किमान ७५ टक्के भाग सरकारी रोख्यांत ठेवायचा असतो. टपालाच्या बचत खात्यांचा आणि मुदत ठेवींचा पैसा १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो आणि त्यातून सरकारे कर्ज घेतात. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर अरुणाचल प्रदेश, केरळ, मध्य प्रदेश आणि दिल्ली वगळता बाकीची राज्ये या निधीतून नवे कर्ज घेण्याच्या व्यवस्थेतून बाहेर पडली. त्यांत महाराष्ट्रही आला. गावातील बचत गोळा करण्याची सोय उंबरठ्यापर्यंत आली आहे, पण ती बचत त्याच गावात कर्जरूपाने परत यावी अशी कोणतीही वाट या व्यवस्थेत ठेवलेली नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी एकेक प्रदेश आपला मानून त्याच्या गरजेनुसार पतपुरवठा करावा, असा विचार मांडला आणि त्यातूनच पुढे जिल्ह्यासाठी अग्रणी बँक, म्हणजे तेथील सर्व बँकांच्या पतपुरवठ्याचा मेळ घालणारी बँक, नेमण्याची पद्धत आली. ज्या गाडगीळांनी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याला उभे राहण्यास साहाय्य केले, त्यांना ‘प्रदेश’ या शब्दामागचे लोक ठाऊक होते. माझे म्हणणे एवढेच आहे की उद्योगांना साहाय्य आणि गावातील टपाल-बँक सेवा हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानून चालणार नाही. आपल्या भागात काय स्थिती आहे?

निवृत्त टपालखाते

धागाकर्त्यांनी मांडलेला विषय महत्त्वाचा आहे. मी खात्यात दीर्घकाळ काम केले असल्यामुळे शाखा डाकघराची आतली बाजू सांगतो.

शाखा डाकघर चालवणारे डाकपाल आणि सहायक डाकपाल हे ग्रामीण डाक सेवक असतात आणि ते खात्याचे नियमित कर्मचारी गणले जात नाहीत. त्यांना वेतनाऐवजी कामाच्या तासांवर आधारित भत्ता मिळतो. डाक सेवकांच्या भत्त्यांचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर २०१८ पासून डाकपालासाठी हा भत्ता चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० रुपयांपासून, तर सहायक डाकपालासाठी अनुक्रमे १०,००० आणि १२,००० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर महागाई भत्ता मिळतो. कार्यालयासाठी जागा डाकपालाने स्वतः पुरवायची असते. पुष्कळ गावांत ते घराच्या पडवीत किंवा पुढच्या खोलीत असते.

या माणसाकडून आज काय अपेक्षित आहे ते पाहा. टपाल, पार्सल, बचत खाती, आवर्ती ठेवी, ग्रामीण डाक जीवन विमा, पेमेंट्स बँकेची खाती, आधारवरून पैसे काढून देणे, निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले, आणि या प्रत्येकाचे स्वतंत्र उद्दिष्ट. हे सर्व चार-पाच तासांत बसत नाही, म्हणून तो ठरलेल्या वेळेबाहेरही काम करतो. रोकडीची मर्यादा ठरलेली असल्यामुळे मोठी रक्कम काढायची असेल तर उपडाकघराकडे मागणी नोंदवावी लागते आणि ती दुसऱ्या दिवशीच्या थैलीतून येते. एखाद्या व्यावसायिकाला आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी रोख हवी असते. ती एक दिवस उशिरा आली तर त्याचा बाजार हुकतो.

डाकपालाला कर्जाचा अधिकार द्या, असे मी म्हणणार नाही, कारण ती जोखीम त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण कर्जाच्या अर्जासोबत जोडता येईल अशी गावची साक्ष त्याच्याकडे निश्चित असते. आवर्ती ठेवीचा हप्ता कोण किती वर्षे न चुकवता भरतो, हे त्याला वहीशिवाय सांगता येते. या नोंदी अर्जदाराच्या संमतीने बँकेला दिसाव्यात अशी व्यवस्था झाली, तर ज्याच्या नावावर पूर्वी कधी कर्जच नव्हते त्याचीही पत दिसू लागेल.

मालवणी मुलूख

आमच्याकडे पैशांची वाट एके काळी उलट होती. मुंबईच्या गिरण्यांतून मनीऑर्डरी येत आणि त्यांवर घरे चालत, म्हणून कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. आज आमचा प्रश्न माल बाहेर पाठवण्याचा आहे.

कोकम आगळ, आंबापोळी, काजूगर, कुळथाचे पीठ असा माल करणारी घरे आमच्या पंचक्रोशीत बरीच आहेत. मुंबई-पुण्याचे ग्राहक दूरध्वनीवर मागणी नोंदवतात. खासगी कुरिअरवाले वाडीपर्यंत येत नाहीत, एसटीने पाठवले तर ग्राहकाला आगारात जाऊन माल घ्यावा लागतो, आणि दारात नेऊन देणारे एकच जाळे उरते ते टपालाचे. शाखा डाकघरात पार्सल स्वीकारतात, पण सहायक डाकपाल थैली दुचाकीवर नेतो. आगळीच्या बाटल्यांचे चार खोके एकाच दिवशी आले तर तो ते नेणार तरी कसे? दोष त्याचा नाही. ज्या गावातून पार्सले नियमित निघतात, त्या गावापर्यंत हंगामात दिवसाआड का होईना, उपडाकघराची गाडी यावी, एवढी मागणी आम्ही करत आहोत. अन्नप्रक्रियेच्या योजनेतून यंत्रावर ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांचे अनुदान मिळते, हे चांगलेच आहे. पण तयार झालेला माल वाडीतून बाहेर काढण्याच्या खर्चाचा विचार प्रकल्प अहवालात एका ओळीपुरता असतो.

निर्यातीचेही सांगतो. टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. सीमाशुल्काची कागदपत्रे तेथूनच ऑनलाइन भरता येतात आणि लहान माणसाला मुंबईत दलाल शोधावा लागत नाही. आमच्या ओळखीचे एक कारागीर लाकडी वस्तू अशाच पाठवतात. मात्र अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस काढून घेतली, तेव्हा टपालाने तिकडची पार्सले थांबवली आणि ती ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू झाली. मोठा निर्यातदार अशा वेळी दुसरी वाट धरतो. आमच्या कारागिराची दिवाळीपूर्वीची सगळी मागणी त्या काळात अडकून राहिली. अशा अचानक खंडासाठी छोट्या निर्यातदाराला खेळत्या भांडवलाचा आधार मिळावा असे मला मनापासून वाटते.

अग्रणी

मी राष्ट्रीयीकृत बँकेत शाखाधिकारी होतो आणि नंतर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कामातही होतो, म्हणून बँकेची बाजूही येथे यावी. बँका गरिबांना कर्ज देत नाहीत, हे विधान मला पुरेसे वाटत नाही.

ग्रामीण शाखेत एक व्यवस्थापक, एखादा अधिकारी आणि एक-दोन लिपिक असतात. पीककर्जाचे नूतनीकरण, बचत गट, विमा, थेट लाभाच्या रकमांसाठीची गर्दी आणि वसुली हे सर्व त्यांच्याकडेच असते. व्यवस्थापक साधारण तीन वर्षांत बदलतो. परराज्यातून आलेल्या अधिकाऱ्याला तेलघाण्याचा हंगाम कोणता, करडईचा भाव कधी पडतो, पेंड कुठे विकली जाते हे समजेपर्यंत त्याची बदली होते. समजले नाही की तो सर्वांत सुरक्षित उत्तर देतो, म्हणजे अर्ज तसाच ठेवतो. अनुदान मिळाल्यावर उद्योग बंद करणारे अर्जदारही असतात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्यांच्यामुळे पुढच्या प्रामाणिक अर्जदाराकडे संशयाने पाहिले जाते.

प्रादेशिक ग्रामीण बँका या दोषावरच उपाय म्हणून १९७५ मध्ये निघाल्या. स्थानिक माणूस, स्थानिक भाषा, कमी खर्च, आणि केंद्र, राज्य व प्रायोजक बँक यांचे ५०, १५ आणि ३५ टक्के भांडवल अशी ती रचना होती. ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आले. तंत्रज्ञान आणि भांडवल या दृष्टींनी याचा लाभ होईल. पण गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच बँक असताना कर्जमंजुरीचे अधिकार शाखेत आणि विभागीय कार्यालयात किती ठेवले जातात, यावरच तिचे ‘ग्रामीण’ असणे ठरेल.

आता अर्जदारांनी लक्षात ठेवावे असे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. कागदपत्रे पूर्ण असतील तर २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर चौदा कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अर्ज दिल्याची पोच घ्या, आणि नकार असेल तर कारण लेखी मागा. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी कारण हाती असेल तर पुढे दाद मागणे सोपे जाते.

वारणाकाठ

अग्रणी, आपण बँकेच्या आतली अडचण इतक्या स्पष्टपणे सांगितली याबद्दल आभार. आमच्याकडील बहुतेक अर्जदारांना तोंडीच सांगितले जाते की वरून उद्दिष्ट पूर्ण झाले आहे, आता पुढच्या वर्षी या. हे कारण ग्राह्य आहे का?

अग्रणी

नाही. उद्दिष्ट हे किमान काम ठरवण्यासाठी असते. त्या योजनेचे अनुदान त्या वर्षापुरते संपले असेल, तर तसे लेखी सांगावे आणि अर्जदाराची इच्छा असल्यास विनाअनुदान कर्जाचा किंवा मुद्राचा विचार करावा. मुद्रामध्ये ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण हे स्तर आहेत, आणि आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा स्तरही आहे. पुष्कळ छोट्या व्यवसायांना मोठ्या अनुदानापेक्षा वेळेवर मिळालेले किशोर कर्ज अधिक उपयोगी पडते, असे माझे निरीक्षण आहे.

आकडेमोड

मला यात एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. आता भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे. व्यवहार फोनवर होत असताना गावोगाव खिडक्या आणि माणसे ठेवण्यावर सरकारने खर्च का करावा? तोच पैसा मोबाइल मनोऱ्यांवर खर्च केला तर उद्योगांना जास्त उपयोग होणार नाही का?

सातपुडा

आकडेमोड, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, पण अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतील डोंगरातल्या पाड्यांवर येऊन पाहावे. संपर्क नसलेल्या गावांत बीएसएनएलची फोर-जी सेवा नेण्यासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६ हजार कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली, ती योग्यच आहे. मनोरा उभा राहिला तरी वीज गेली की तो किती वेळ चालेल, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे मोहफुले, चारोळी आणि आमचूर यांचा व्यापार रोखीवर चालतो. गोळा करणाऱ्या बाईला त्याच दिवशी हातात पैसे हवे असतात, अन्यथा ती व्यापाऱ्याला पडत्या भावात माल देते. गटाने खरेदी करायची ठरवली तर गटाला हंगामाच्या सुरुवातीला रोख लागते आणि ती आणण्यासाठी पूर्ण दिवस जातो. मनोरा आणि माणूस दोन्ही हवेत.

वारणाकाठ

सातपुडा यांच्याशी मी सहमत आहे. आणखी एक गोष्ट जोडतो. क्यूआर कोडमुळे पैसे येतात, पण त्या नोंदींचा उपयोग कर्जासाठी करून घेणारे कोणी समोर नसेल, तर त्या नोंदी फोनमध्येच राहतात. आमच्या गावातील मसाल्याच्या उद्योगाची वर्षभराची सगळी विक्री खात्यात दिसते, तरीही शाखेत प्रकल्प अहवालाचे तेच जुने छापील नमुने मागितले जातात.

प्रभागसंघ

मी उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील महिला बचत गटांबरोबर काम करते. येथे बहुतेक चर्चा एकट्या उद्योजकाविषयी झाली आहे, म्हणून गटांची स्थिती सांगते.

बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने (शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने) १९९२ मध्ये सुरू केला. आज गटाला कर्ज मिळणे हे एकट्या बाईला कर्ज मिळण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, कारण गटाची वही आणि परतफेड बँकेला दिसते. येथे बँक सखी उपयोगी पडते. ती गावातलीच असते, शाखेत बसून गटांची कागदपत्रे पूर्ण करून घेते, आणि साहेबांशी बोलायला बिचकणाऱ्या बाईच्या शेजारी उभी राहते. एकट्या उद्योजकासाठी असा माणूस शाखेत नाही. अन्नप्रक्रियेच्या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि ती अहवाल तयार करण्यापासून कर्जमंजुरीपर्यंत हात देते. ज्या तालुक्यात ही व्यक्ती कामाची निघाली, तेथे अर्ज मंजूर होताना मी पाहिले आहेत. बाकीच्या योजनांनीही हे उचलावे.

दुसरी अडचण पैसे काढण्याची आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले आणि लाखो बायकांनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावावर नियमित पैसे पाहिले. कित्येकींनी त्यांतून शिवणयंत्राचा हप्ता धरला, कोंबड्या घेतल्या. पण थेट लाभाचे पैसे जे खाते आधारशी शेवटी जोडले गेले असेल त्यात जातात, आणि अनेकींना आपले पैसे कोणत्या बँकेत गेले हेच समजत नव्हते. ज्यांची खाती टपालाच्या पेमेंट्स बँकेत होती, त्यांना पोस्टमनने घरी बसून सांगितले. हा फरक मला फार मोठा वाटतो. शेतात आणि भांडी घासण्यात बोटांच्या रेषा झिजलेल्या वयस्क बायकांचा अंगठा मात्र यंत्रावर उमटत नाही, आणि बँक मित्र त्यांना परत पाठवतो. तो दुष्ट नाही, त्याचे दलालीचे उत्पन्न इतके थोडे असते की एकीसाठी पंधरा मिनिटे देणे त्याला परवडत नाही. एखादा बँक मित्र पावती न देता जास्त पैसे कापून घेतो, असेही आमच्याकडे घडले आहे. म्हणून छापील पावती घेतल्याशिवाय उठायचे नाही, असे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

यॉर्कशायरहून

मी मूळ सोलापूर जिल्ह्यातील असून सध्या इंग्लंडच्या उत्तरेस एका खेड्याजवळ राहतो. येथील व्यवस्था आदर्श आहे असे नाही, परंतु धाग्याच्या विषयाला तीन गोष्टी लागू पडतात म्हणून लिहितो.

येथे खेड्यातील टपाल कार्यालय बहुधा किराणा दुकानातच असते आणि दुकानदारच ते चालवतो. ९९ टक्के लोकसंख्येपासून तीन मैलांच्या आत टपाल कार्यालय असले पाहिजे, अशी अट सरकारने घातली आहे आणि त्यासाठी पैसेही दिले जातात. अंतराची अशी लेखी अट असल्यामुळे लोकांना सरकारला जाब विचारता येतो. इंग्लंडमध्ये तीन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ग्रामीण ठिकाणी एकुलते एक टपाल कार्यालय किंवा किराणा दुकान असेल आणि त्या जागेचे करयोग्य मूल्य ८,५०० पौंडांपर्यंत असेल, तर त्याला स्थानिक व्यवसाय कर पूर्ण माफ असतो. गावातील शेवटचे दुकान हीसुद्धा एक सार्वजनिक सोय आहे, हे या सवलतीमागचे तत्त्व मला महत्त्वाचे वाटते.

दुसरे म्हणजे, बँकांनी खेड्यांतील शाखा झपाट्याने बंद केल्या. तेव्हा बहुतेक बँकांच्या ग्राहकांना टपाल कार्यालयात रोख भरता आणि काढता येईल असा करार झाला, आणि २०२३ च्या कायद्याने रोख रकमेची सोय टिकवणे हे नियामकाच्या कक्षेत आणले. छोट्या दुकानदारांना दिवसाचा गल्ला भरण्यासाठी त्याचा फार उपयोग होतो. कर्जाचा निर्णय मात्र येथेही दूरच गेला आहे.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. १९९९ ते २०१५ या काळात टपालाच्या संगणक प्रणालीतील दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसली आणि नऊशेहून अधिक टपाल चालकांना गुन्हेगार ठरवण्यात आले. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून बहुतेकांची शिक्षा रद्द केली. ग्रामीण डाक सेवकावर आणि बँक मित्रावर आपण नवी यंत्रे आणि नवी जबाबदारी टाकतो, तेव्हा यंत्राने दाखवलेली तूट ही त्याचीच चोरी आहे असे धरून चालू नये, एवढी दक्षता सुरुवातीपासून हवी.

निवृत्त टपालखाते

यॉर्कशायरहून यांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. आपल्याकडेही हिशेबात तूट आली की डाक सेवकाकडून ती आधी भरून घेतली जाते आणि चौकशी नंतर होते. संपर्क तुटल्यामुळे व्यवहार अर्धवट राहिला, तर ग्राहकाचे पैसे गेले आणि कार्यालयात जमा नाहीत अशी अवस्था होते. अशा वेळी दोघांनीही यंत्रावरचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा. तक्रारीच्या जागांविषयीही सांगतो. पेमेंट्स बँकेची तक्रार सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, पण टपालाच्या बचत खात्याला ती सोय लागू नाही. त्यासाठी अधीक्षक कार्यालय, डाक अदालत आणि केंद्राचे सार्वजनिक तक्रार संकेतस्थळ हे मार्ग आहेत.

आकडेमोड

सातपुडा आणि प्रभागसंघ ताई यांचे प्रतिसाद वाचून माणसाची आवश्यकता मला पटली. मग एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. गावाने नेमके कोणाकडे आणि काय मागावे?

अग्रणी

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय सल्लागार समिती असते आणि तिचे काम अग्रणी जिल्हा व्यवस्थापक पाहतो. तालुका पातळीवरही बँकांची समिती बसते. जिल्ह्याच्या ठेवींच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण ४० टक्क्यांखाली असेल, तर त्यासाठी विशेष उपसमिती नेमावी लागते, आणि ग्रामीण व निमशहरी शाखांनी देशपातळीवर हे प्रमाण ६० टक्के गाठावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक शाखेचे हे प्रमाण मागा. गावातील एकमेव शाखा बंद करायची किंवा हलवायची असेल, तर बँकेला या समितीची संमती लागते, हेही पुष्कळ ग्रामपंचायतींना ठाऊक नसते. ग्रामसभेचा ठराव घेऊन गेलात तर तो इतिवृत्तात येतो, आणि एकदा इतिवृत्तात आलेला विषय पुढच्या बैठकीत उत्तर दिल्याशिवाय सहज सोडता येत नाही.

वारणाकाठ

आमच्या येत्या ग्रामसभेसाठी पुढील मसुदा केला आहे. सुधारणा सुचवाव्यात.

“ही ग्रामसभा ठराव करते की, १) तालुक्यातील प्रत्येक बँक शाखेच्या ठेवी, कर्जे आणि रोजगार निर्मितीच्या योजनांखाली आलेले, मंजूर झालेले व नाकारलेले अर्ज यांची माहिती दर सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीस मिळावी. २) कर्जमंजुरीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने महिन्यातून एक ठरलेला दिवस गावात बसून अर्ज स्वीकारावेत व आधीच्या अर्जांची स्थिती सांगावी. ३) शाखा डाकघरातून जाणाऱ्या पार्सलांसाठी हंगामात दिवसाआड वाहन मिळावे आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पुरेशी रोकड उपलब्ध व्हावी. ४) शाखा डाकघरास ग्रामपंचायतीच्या इमारतीत विनामूल्य जागा व वीजजोडणी देण्यात यावी.”

निवृत्त टपालखाते

चौथे कलम वाचून समाधान वाटले. जागा देताना खिडकी रस्त्याच्या बाजूला असावी आणि वृद्धांना चढता येईल असा उतार असावा, हे त्यात जोडावे. तिसऱ्या कलमाची प्रत डाक अधीक्षकांना स्वतंत्र पत्राने पाठवावी, कारण बँकांच्या समितीचे इतिवृत्त त्यांच्याकडे पोहोचेलच असे नाही.

प्रभागसंघ

दुसऱ्या कलमात ‘त्या दिवशी बँक सखी उपस्थित राहील’ असे जोडावे. बायका ग्रामपंचायतीत येतील, पण अधिकाऱ्यासमोर बोलायला त्यांना ओळखीचा चेहरा लागतो.

अग्रणी

मसुदा नेमका आहे. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक आणि जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक यांनाही प्रती द्याव्यात. पहिल्या कलमात ‘नाकारलेले अर्ज’ यापुढे ‘कारणांसह’ हा शब्द घालावा. अर्जदारांची नावे मागू नयेत, ती ग्राहकाची खासगी माहिती असल्यामुळे बँक देणार नाही आणि त्या एका कारणावरून सगळेच कलम बाजूला पडेल.